खोकल्यासह परीक्षादौरा : मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर

संगीत परीक्षांचे नोव्हेंबर-डिसेंबरचे सत्र आणि त्यासाठीच्या परीक्षकांच्या तारखा बऱ्याच आधी ठरतात. या वेळी माझ्याकडे मिरज, इचलकरंजी आणि कोल्हापूर अशी केंद्रे होती. शिवाय कोल्हापुरातील संगीतप्रेमींच्या एका छोट्या मंडळात सप्रयोग व्याख्यान देण्याचे मी उन्हाळ्यातच कबूल केले होते. दिवाळीनंतर मला विषाणूजन्य ताप आला. ताप थोड्याच दिवसांत उतरला, पण कोरडा खोकला महिना उलटला तरी हटेना. बोलताना, हसताना, थंड हवा लागताच आणि रात्री आडवे होताच तो उसळत असे. गाणे तर दूरच, तानपुरा जुळवून नुसता षड्ज, म्हणजे सा, लावला तरी काही श्वासांतच घसा खवखवून उबळ येई.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, ही क्षयरोग कार्यक्रमाची सूचना सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर आपण वाचलेली असते. माझ्या डॉक्टरांनी माझ्या बाबतीतही ती पाळली. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला, थुंकीतही काही आढळले नाही. विषाणू निघून गेल्यावरही श्वासनलिकेचे अस्तर काही काळ हळवे राहते, त्यामुळे धूळ, धूर, गार वारा अशा किरकोळ कारणांनीही उबळ येते आणि हे तीन ते आठ आठवडे चालू शकते, असे त्यांनी समजावून सांगितले. प्रतिजैविकांचा येथे उपयोग नव्हता, म्हणून ती त्यांनी दिली नाहीत. श्वासावाटे घ्यायचे औषध दिले, प्रवासाला परवानगी दिली आणि गाण्याला मनाई केली.

अशा आजारात माणूस अंथरुणाला खिळलेला नसतो आणि धडधाकटही नसतो. त्यामुळे निघण्यापूर्वी मी कामांची वाटणी केली. जी कामे माझ्या आवाजावाचून होऊ शकत होती ती ठेवली, आणि अजून पक्के न झालेले कोकणातील एक जादा केंद्र लगेच नाकारले, म्हणजे त्यांना दुसरा परीक्षक शोधायला वेळ मिळावा. तिन्ही केंद्रप्रमुखांना फोन करून आजाराची कल्पना दिली आणि काही सोयी मागितल्या. ठरावीक वेळाने थोडी विश्रांती, नावे पुकारायला व सूचना सांगायला एक मदतनीस, थर्मास भरून कोमट पाणी, केर सकाळी न काढता आदल्या संध्याकाळी काढून ओल्या फडक्याने पुसलेली खोली, आणि सरस्वतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती नको. या शेवटच्या मागणीचा मला संकोच वाटत होता, कारण आपल्याकडे परीक्षेचा दिवस उदबत्तीनेच सुरू होतो. मिरजेच्या केंद्रप्रमुख बाई मात्र चटकन म्हणाल्या, "शेवंतीचा भरघोस हार घालू, देवीला चालेल."

शुक्रवार : पुणे ते मिरज

दुपारची कोयना एक्सप्रेस धरली. वातानुकूलित डब्यात कोरड्या गार हवेने उबळ येते आणि साध्या डब्यात धूळ लागते. मी साधा डबा निवडला आणि खिडकीपासूनची दूरची जागा घेतली. तोंडाला मास्क, गळ्याला मफलर आणि हातात पाण्याची बाटली असूनही नीरा मागे पडते न पडते तोच पहिली मोठी उबळ आली. समोरचे गृहस्थ उठून पलीकडच्या बाकावर गेले. २०२० नंतर खोकणाऱ्याकडे पाहण्याची लोकांची नजर बदलली आहे आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. उबळ थांबल्यावर मी आजूबाजूच्यांना शांतपणे सांगितले की ताप महिन्यापूर्वीच गेला आहे, तपासण्या झाल्या आहेत, एक्स-रे चांगला आहे. एवढ्याने बाकावरचे वातावरण मोकळे झाले. कऱ्हाडला उतरणाऱ्या एका मावशींनी पदराच्या गाठीतून तव्यावर भाजलेल्या लवंगा काढून दिल्या. "चावायची नाही ताई, दाढेत धरायची नुसती," असे बजावून त्यांनी मला कऱ्हाड येईपर्यंत एक शब्दही बोलू दिला नाही.

कऱ्हाडच्या पुढे उसाचा मुलूख दिसू लागतो. डिसेंबरात येथे गळीत हंगाम भरात असतो. रुळांना समांतर जाणाऱ्या रस्त्यावरून उसाने लादलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालले होते, आणि दिवस मावळताना दूरच्या शेतांत पाचट पेटवलेले दिसत होते. थंडीत संध्याकाळी हा धूर वर न चढता जमिनीलगत पसरून राहतो. श्वासाचा त्रास असलेल्यांनी या भागात हिवाळ्यात रस्त्याने जायचे असेल तर सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ धरावी; मी पुढचे सगळे टप्पे याच वेळेत केले आणि त्याचा स्पष्ट फायदा झाला.

मिरजेत लॉजची खोली दाखवताच कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास आला. त्या काढायला लावल्या, गालिचा नसलेली खोली मागून घेतली आणि जादा उशा घेऊन अर्धवट बसल्या अवस्थेत झोपले. आडवे झाल्यावर खोकला वाढणाऱ्यांनी ही उशांची मागणी खोली घेतानाच करावी, कारण रात्री उशिरा कोणी भेटत नाही.

शनिवार : मिरज

श्वासाच्या आजाराचा आणि मिरजेचा संबंध जुना आहे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे दम्याने बेजार झाल्यावर मुंबईची दमट हवा सोडून या कोरड्या हवेच्या गावी आले. कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुसकर नावाचा मुलगा, ज्याची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली होती, त्यांच्याकडे शिकायला राहिला तो येथेच. त्या मुलाने पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि आज गावोगावी मुले ज्या पद्धतीच्या परीक्षांना बसतात तिची सुरुवात तेथून झाली. बुवांना मुंबई मानवली असती तर हे सारे कसे घडले असते कोण जाणे. पुढे मिरज आणि सांगली यांच्या मधल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले, आणि छातीचे रोगी दूरदूरहून या बाजूला येऊ लागले.

परीक्षा सकाळी सुरू झाली. सुरुवातीला प्रारंभिक या पहिल्या परीक्षेची लहान मुले होती. एरवी मी मुलाला धीर यावा म्हणून त्याच्याबरोबर षड्ज लावते, आरोहाची पहिली ओळ गुणगुणते. या वेळी ते शक्य नव्हते. मी पेटीवर षड्ज धरून ठेवला आणि हाताने खूण केली. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी भूप राग गाता गाता गंधारावर, म्हणजे ग या स्वरावर, अडली. मी काही बोलत नाही हे पाहून तिने माझ्या बोटांकडे पाहिले, पेटीतला गंधार ऐकला, मागे येऊन ती ओळ पुन्हा सुरू केली आणि नीट तडीस नेली. नंतर तिने त्रितालाचा ठेका हातावर टाळी आणि खाली (टाळीविना हाताची खूण) दाखवत दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, म्हटला, तोही एकदाच अडखळून. उबळ आली की मदतनीस विद्यार्थिनी पुढच्या मुलाचा अर्ज तपासत वेळ काढी, आणि मुलांच्या लक्षातही येत नसे की काम थांबले आहे.

आवाज वाचवायचा असेल तर कुजबुजू नये, हे येथे आवर्जून सांगते. कुजबुजताना स्वरतंतूंवर ताण पडतो. त्यापेक्षा हळू पण नैसर्गिक आवाजात दोन शब्द बोलावेत. तसेच घसा साफ करण्यासाठी खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा किंवा आवंढा गिळावा, कारण प्रत्येक खाकरण्यात तंतू एकमेकांवर आपटतात.

दुपारी सतारमेकर गल्लीत गेले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे छताला टांगलेले होते आणि आत लाकडाला घासकाम चालू होते. लाकडाचा भुसा उडत असल्यामुळे मी उंबऱ्याबाहेरच थांबले. ते पाहून एका वयस्क कारागिराने घासकाम करणाऱ्या मुलाला थांबवले आणि स्वतः तानपुरा घेऊन ओट्यावर आला. घोडीच्या पाठीवर त्याने बारीक कानस अगदी हलक्या हाताने फिरवली, फुंकर मारली, तार चढवली, तारेखाली सुताचा धागा सरकवला, छेडली, मान हलवली आणि तार पुन्हा उतरवली. असे कितीतरी वेळा झाले; तारेचा नाद खुलवण्याच्या या कामाला जवारी म्हणतात. शेवटी धागा केसभर पुढे गेला आणि तोच तार एकदम मोकळी, भरदार बोलू लागली. त्यालाही जुना खोकला होता. "धुळीचं काम आहे बाई, पण जवारीला धूळ कमी उडते, म्हणून आता मी जवारीच करतो," असे तो म्हणाला. वयाबरोबर आणि छातीबरोबर त्याने आपल्या कामातला वाटा बदलून घेतला होता, आणि घरच्या मुलांनी तो बदलू दिला होता.

संध्याकाळी किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कबरीचे दर्शन घेतले. खाँसाहेब १९३७ साली गेले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत आणि दर वर्षी तेथे गाणे होते. उदाचा धूर दाट असल्यामुळे बाहेरूनच हात जोडले. रात्री केंद्रप्रमुख बाईंनी सांगलीच्या राजापुरी हळदीचे दूध पाठवले. त्याने खोकला जातो असे मी म्हणणार नाही, पण ऊन ऊन पोटात गेल्यावर घसा निवतो आणि पहिली झोप तरी सलग लागते.

रविवार : इचलकरंजी

या गावात यंत्रमागांचा आवाज कोठेही पाठ सोडत नाही. परीक्षेची खोली शाळेत होती, तरी मागच्या गल्लीतील मागांची खडखड खिडक्या लावूनही येत होती, आणि मुले त्या आवाजाला इतकी सरावलेली की विलंबित लयीतही ती ढळत नव्हती. खिडकीच्या जाळीवर सुताची पांढरी लव साचली होती. केंद्रप्रमुखांनी ती ओल्या फडक्याने पुसून घेतली, तरी दुपारपर्यंत पुन्हा दिसू लागली. त्या दिवशी मी मास्क एकदाही काढला नाही.

प्रवेशिका परीक्षेला बसलेल्या एका मुलीने दुर्गा राग फार समजून गायला. बाहेर तिचे वडील थांबले होते आणि खोकत होते. माझा खोकला ऐकून ते सहज म्हणाले, "तुमचंबी तसंच हाय जणू." विश्रांतीच्या वेळेत मी त्यांच्याशी बोलले. ते बारा तासांच्या पाळीत माग चालवतात. रात्रपाळी संपवून, अंघोळ करून थेट मुलीला घेऊन आले होते. खोकला गणपतीपासून होता. दवाखान्यात गेलात का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "जातो की, औषध आणतो. पर माग बंद ठिवून कसं चालंल मॅडम? पिकावर पैसं. बसलं की आठवड्याचा पगार खाली येतो." पीक म्हणजे कापडात आडवा विणला जाणारा धागा; जितके पीक तितकी मजुरी.

माझ्याकडे डॉक्टरांचे कागद होते, फोनवर सांगण्याइतपत ओळखी होत्या, मागितल्यावर विश्रांती देणारे आणि उदबत्ती विझवणारे यजमान होते. त्यांच्याकडे यातले काहीच नव्हते, आणि खोकला मात्र माझ्यापेक्षा जुना होता. आजारी असूनही कामावर येणाऱ्याचे आपण फार कौतुक करतो. त्याला घरी राहण्याची मोकळीक होती का, हे क्वचित विचारतो. सुताच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकारात सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, असे वैद्यकाची पुस्तके सांगतात. मी तसे विचारले, तर क्षणभर थांबून ते म्हणाले, "व्हय, सुटीच्या दुसऱ्या दिवशी लई दाटतं." तो विकार पिंजण आणि कताईच्या कामात अधिक आढळतो, त्यांना तोच आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत होते, एवढे मी त्यांना आणि मुलीच्या संगीतशिक्षिकेला स्पष्टपणे सांगितले. शिक्षिका म्हणाल्या, "मी स्वतः घेऊन जाते." वडील नको म्हणाले नाहीत. मुलगी हे सगळे तानपुऱ्याची गवसणी बांधता बांधता ऐकत होती.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि वाटीभर गरम आमटी होती. खर्ड्याचा वास दरवळत होता आणि तो खाण्याची फार इच्छा होती, पण तिखटाची चरचर घशात उतरली की अर्धा तास जातो, म्हणून सोडला.

सोमवार : नृसिंहवाडी आणि कुरुंदवाड

हा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. अशा आजारात लागोपाठ तीन दिवस काम करण्यापेक्षा मध्ये एक दिवस न बोलता काढला तर पुढचे काम निभावते. दुपारच्या उन्हात वाडीच्या घाटावर बसून राहिले. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढून दत्तमंदिरात शिरते आणि पादुकांवरून वाहते; दक्षिणद्वार सोहळ्याला लोटणारी गर्दी दर वर्षी आपण ऐकतो. डिसेंबरात मात्र नदी खाली गेलेली असते, पायऱ्या कोरड्या आणि उबदार असतात. दगडावर पाठ टेकून मी तास-दीड तास नाकाने संथ श्वास घेत बसले आणि एकही उबळ आली नाही. महिन्याभरात इतका सलग वेळ प्रथमच शांत गेला. आनंदाने डोळे भरून आले.

बासुंदी घेतली, थंड नको म्हटल्यावर दुकानदाराने कढईतली गरम दिली. कवठाची बर्फी घरच्यांसाठी घेतली. मग पूल ओलांडून कुरुंदवाडला जाऊन आले, कारण पलुसकरांच्या गावाला या दौऱ्यात पाय लागावेत असे मनात होते. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर धुरळा फार होता. रिक्षाला पडदे असतील अशीच रिक्षा करावी. संध्याकाळी पालखीच्या वेळी म्हटली जाणारी पदे वरच्या पायरीवरून ऐकली.

मंगळवार : कोल्हापूर

विशारद या वरच्या परीक्षेचे विद्यार्थी आणि संध्याकाळचे व्याख्यान, असा हा सर्वांत जड दिवस. विशारदच्या परीक्षेत परीक्षक रागांचे स्वरसमूह गाऊन दाखवतो आणि विद्यार्थी राग ओळखतो. पेटीवर पुष्कळ काम भागले, पण दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार पेटीवर निघत नाही. ठरलेल्या पट्टीवर बोट पडते आणि स्वर जागचा हलत नाही. यासाठी मी आजारापूर्वी वर्गासाठी केलेली माझीच ध्वनिमुद्रणे फोनवर निवडून नेली होती आणि एका छोट्या स्पीकरवर ऐकवली. एका विद्यार्थ्याने ओळखले, पण का ओळखले ते सांगता येईना. एरवी मी पुढे गाऊन त्याला वाट दाखवली असती. आता तोच थांबला, पुन्हा ऐकवण्याची विनंती केली आणि गंधाराची अवरोहातली जागा त्याने स्वतः गाऊन सांगितली. असे मार्ग सापडतात ते आधी तयारी केली तरच. ऐन वेळी फोनमध्ये शोधत बसले असते तर अर्धी परीक्षा त्यात गेली असती.

व्याख्यानाचा विषय जयपूर-अत्रौली या ख्यालगायनाच्या घराण्याची गायकी हा होता, आणि कोल्हापुरात तो मांडायचा म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारातील गायक आणि या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांपासूनच सुरुवात. खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी एका संस्थानात अतोनात गाण्यामुळे गेला होता. तो परत आला तेव्हा पूर्वीसारखा राहिला नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. हे मी अनेकदा वर्गात सांगितले आहे, पण गळ्यात मफलर गुंडाळून सांगताना त्यातले कष्ट मला प्रथमच जाणवले. यजमानांना आधीच कळवले होते की मी अर्धा तास बोलेन, गाणार नाही. माझी विद्यार्थिनी साताऱ्याहून आली आणि तिने नटकामोद राग गायला. मायक्रोफोन तोंडाजवळ घेऊन हळू बोलल्याने आवाज शेवटपर्यंत टिकला. शेवटच्या पाच मिनिटांत मात्र उबळ आली आणि प्रश्नोत्तरे सोडून द्यावी लागली. कोणी तक्रार केली नाही. एका आजोबांनी जाताना सुंठ आणि कोल्हापुरी गूळ यांच्या गोळ्यांची डबी हातात ठेवली आणि प्रश्न कागदावर लिहून दिला. त्याचे उत्तर मी घरून पत्राने पाठवले.

रात्री यजमानांकडे जेवण होते. "तांबड्याला हात लावू नका, पांढरा घ्या. वाटीच लावा तोंडाला," असे वहिनींनी बजावले. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस आणि पांढरी मिरी घातलेला तो रस्सा वाफेसकट पीत गेले आणि घसा आतून शेकला गेला. दुसरी वाटी मागण्याची वेळच आली नाही, ती आधीच वाढलेली होती.

बुधवार : परत, आणि त्यानंतर

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखे काही नाही. बहुतेक वेळ झोपले. गुणपत्रके मुदतीत पाठवली. पुण्यात आल्यावर डॉक्टरांनी छाती पुन्हा तपासली आणि तेच औषध सुरू ठेवले. खोकला संक्रांतीच्या सुमारास थांबला. त्यानंतरच मी मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात थोडा थोडा रियाज सुरू केला. खोकल्याबरोबर रक्त पडणे, धाप लागणे, ताप परतणे किंवा वजन उतरणे असे काही झाले तर दौरा तेथेच सोडून डॉक्टर गाठावा. ज्येष्ठमधाच्या कांड्या सतत चघळणाऱ्यांनी रक्तदाब असल्यास आधी विचारावे, कारण त्याने तो वाढू शकतो. झोप आणणारी खोकल्याची औषधे घेऊन गाडी चालवू नये.

इचलकरंजीच्या शिक्षिकेचा जानेवारीत फोन आला. मुलीच्या वडिलांना घेऊन त्या रुग्णालयात गेल्या होत्या. थुंकीत क्षयाचे जंतू आढळले नाहीत. श्वासाचे औषध सुरू झाले आहे. फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी व्हायची आहे, पण ती आठवड्याच्या मधल्या वारी सकाळीच होते आणि रात्रपाळी करून तेथे रांगेत उभे राहणे त्यांना झेपत नाही. एका पाळीची मजुरी न कापता सुटी मिळावी म्हणून शिक्षिका कारखान्याच्या मालकांना भेटणार आहेत, आणि त्यांनी मागितल्यावर माझ्या डॉक्टरांनी तपासणी का आवश्यक आहे याचे एक पत्र मराठीत लिहून दिले आहे.